येझदीमागे चिमणी

“ओ येझदीवाले, मागं बगा, मागं.”

पापाच्या तिकटीच्या चौकात संध्याकाळच्या गर्दीत कोणीतरी असं ओरडलं, पण मी मागं बघितलं नाही. दिवाळी तोंडावर आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आकाशकंदील, उटणी, रांगोळ्या, आणि मधे जी काय हातभर जागा उरली होती तिच्यातून अख्खं कोल्हापूर वाट काढत होतं. त्यात माझ्या गाडीला मागून कोणी काही म्हणणं हे रोजचंच होतं. ती जुनी येझदी मी उद्यमनगरातल्या एका गॅरेजवाल्याकडून घेतली तेव्हापासून तिच्या आवाजावरून मला ऑफिसातल्या लोकांनी, घरमालकिणीनं, झालंच तर गल्लीतल्या कुत्र्यांनीही सुनावून झालं होतं. आधीच्या मालकानं सायलेन्सरमधली जाळी काढून टाकलेली होती. ती बसवून घ्यायची असं मी दर रविवारी ठरवत असे. ठरवण्याच्या बाबतीत आम्ही चिपळूणची माणसं कोणाला हार जात नाही.

मग मागचे हॉर्न थांबले आणि आरडाओरडा सुरू झाला. मी आरशात बघितलं. आरसाभर म्हैस होती.

म्हैस येत होती ती माझ्याकडेच. शिंगं मागं वळलेली, गळ्यात तुटलेलं दावं लोंबतंय, आणि एवढं धूड त्या गर्दीतून पाण्यासारखी वाट काढत पळतंय. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर चढले. कंदिलांची एक फळी आडवी झाली, तिच्याबरोबर एक बाई आणि तिचं कडेवरचं पोरही. मी जे करायला नको होतं तेच केलं, अॅक्सिलरेटर पिळला. गाडी गरजली आणि म्हैस दुप्पट जोरानं धावायला लागली.

पुढं एक टेंपो आडवा होता. पळायला जागाच नव्हती. मी गाडी थांबवली, डोळे मिटले आणि आईनं लहानपणी शिकवलेलं सगळं एकदम म्हणून टाकलं.

काही झालं नाही. डोळे उघडले तर म्हैस शेजारी उभी होती. तिच्या नाकपुड्यांतला गरम वारा माझ्या मांडीवर येत होता. तिनं आधी पेट्रोलची टाकी हुंगली, मग सीट हुंगली, मग मला. माझ्यापाशी ती जरा थांबली, पुन्हा एकदा हुंगून बघितलं, आणि तोंड परत टाकीवर ठेवलं. मी तिच्या पसंतीला उतरलो नव्हतो, गाडी उतरली होती.

“गाडी बंद करू नगा,” मागून कोणीतरी म्हणालं.

साठीकडे झुकलेला एक माणूस धापा टाकत आला. पायात चप्पल नाही, हातात दुधाची रिकामी चरवी, धोतरावर दूध सांडलेलं. कोल्हापुरात गंगावेशीला संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन उभे राहतात आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून ग्लास हातात देतात. हा तिथूनच धावत आला होता. मी थोड्या वेळापूर्वी तिथून गेलो होतो, ते माझ्या ध्यानात आलं. त्यानं म्हशीच्या पाठीवर एक हात ठेवला आणि दुसरा गाडीच्या टाकीवर.

“कुठनं आणलीसा ही?” त्यानं विचारलं.

मला वाटलं, गाडी चोरीची निघाली. “रीतसर घेतलीय हो. कागद आहेत माझ्याकडं.”

“असतील की. आमच्याच घरातनं गेल्यात त्ये.”

तेवढ्यात ट्रॅफिक हवालदार गर्दी सारत आला. पडलेल्या बाईच्या पोराचं कोपर सोलवटलं होतं आणि ते सगळ्या तिकटीला ऐकू जाईल असं रडत होतं. “म्हस कुणाची?” हवालदारानं विचारलं, ते माझ्याकडं बघून. मी बेंडखळे, टेलिफोन ऑफिसात कामाला, माझी म्हैस कशी असेल, असं सांगायला लागलो.

“माझी हाय,” म्हातारा म्हणाला. त्यानं त्या बाईपुढं हात जोडले, पोराच्या कोपराला स्वतःच्या पटक्याचं टोक दाबून धरलं, आणि बाई पुटपुटत निघून गेल्यावर मला म्हणाला, “साहेब, एक काम करा. घरापतूर चला. ही आता दुसऱ्या कशानं हलायची न्हाई.”

“मी पुढं जाऊ? गाडीवर?”

“तुमी पुढं, ती मागं. पैल्या गेरात चला. घाबरू नगा, तिला सवय हाय.”

अशी आमची वरात निघाली. पुढं मी, माझ्या मागच्या चाकाला नाक लावून म्हैस, तिच्या बाजूनं अनवाणी म्हातारा. म्हातारा म्हणजे शिवाप्पा घट्टे, गल्ली त्यांना आप्पा म्हणे. म्हशीचं नाव चिमणी. एवढ्या धुडाला चिमणी म्हणायची हिंमत फक्त कोल्हापूरकरच करू जाणे, असं मी मनात म्हणालो, आणि ते त्यांना हसत सांगितलंसुद्धा. आप्पा हसले नाहीत.

दुकानदार मात्र खुशीत आले होते. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवतात, त्यांना मोरपिसं बांधतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, आणि मालक मोटारसायकल पिटाळत पुढं जातो. हजार गाड्यांच्या गोंगाटात म्हैस आपल्या मालकाची गाडी आवाजावरून ओळखते आणि तिच्याच मागं पळते. हे मी ऐकून होतो, खरं मानलं नव्हतं. “औंदा पाडवा आधीच आला काय आप्पा?” एक चप्पलवाला ओरडला. “पाव्हणं नवीन दिसत्यात, म्हस फसली जणू,” दुसरा म्हणाला. मलाही जरा गंमत वाटायला लागली होती. मी एका चहावाल्याला हातसुद्धा केला.

महापालिकेवरून शनिवार पेठेकडं वळलो तसे हे आवाज कमी होत गेले. गवळी गल्लीच्या तोंडाशी एकजण कडबा उतरवत होता. त्यानं गाडी बघितली, मग चिमणीला, मग आप्पांना, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. गल्लीतल्या बायका दारात आल्या. पोरं ओट्यांवर उभी राहिली. गाडीचा आवाज त्या अरुंद बोळात एवढा मोठा झाला होता की मला लाज वाटायला लागली, पण आप्पांनी बंद करू नका म्हटलं होतं.

शेवटच्या घरातून एक बाई धावत बाहेर आली. पन्नाशीची असेल. दोन्ही हात पिठानं भरलेले, पदर खांद्यावरून ओघळलेला, आणि तोंडावर असा काही आनंद की मी आयुष्यात कोणाच्या तोंडावर बघितला नव्हता. ती गाडीच्या अगदी जवळ आली, तेव्हा तिला मी दिसलो.

ती माझ्याकडं बघत राहिली. तोंडावरचं ते सगळं हळूहळू उतरत गेलं. मग तिनं पीठ पदराला पुसलं, पदर नीट घेतला आणि म्हणाली, “या. च्या घ्या.”

आता मला कळलं. सगळं नाही, पण मुख्य ते कळलं. मी गाडी बंद केली.

चिमणीला गोठ्यात बांधेपर्यंत मी ओट्यावर अवघडून बसलो होतो. चहा आला तो नुसत्या दुधाचा, घट्ट. आक्का, म्हणजे त्या बाई, आप्पांच्या पत्नी, वैरण टाकायला गोठ्यात गेल्या तशा आप्पा जवळ सरकले आणि खालच्या आवाजात बोलायला लागले.

“बसू आमचा. बसवराज. एकच हुता. कावीळ अंगात मुरली, आमास्नी कळलंच न्हाई. रिक्षात घालून दवाखान्यात न्हेला, त्यो परत आला न्हाई. श्रावणात.”

मी कप हातात धरून बसलो.

“चिमणी त्यानंच वाढवलेली. तिची आई लौकर गेली, तर ह्यो तिला बाटलीनं दूध पाजायचा. ही गाडी घेतली तवापास्नं रोज नदीला न्हेताना ह्यो पुढं, ती मागं. दावं न्हाई, काठी न्हाई. पाडव्याला सगळी गल्ली बगत ऱ्हायची. त्यो गेल्यावर गाडी दारात हुभी. तिच्याकडं बघवंना. म्हटलं गाडी म्हंजे काय, लोखंड. ती काढावी. म्हस मातूर ठेवावी, त्याच्या हाताखालचं जित्राब. आमचं तिथंच चुकलं बगा. तिच्या लेखी त्योच गाडी हुता.”

“पण तिनं गाडी नेताना बघितलं असेल ना?”

“कुठलं. आक्का बाजाराला गेलती तवा टेंपूत घालून धाडली म्या. चालू करूच दिली न्हाई. आक्का घरात नव्हती खरी, पर तिच्या कानावर येईल, गल्ली वळंपतूर ऐकू येतोय आवाज. आन माझ्याच्यानं तरी कुठं ऐकवणार हुतं? तसंच चिमणीचं. गोठ्यात हुती. सकाळी गाडी हुती, सांजंला न्हाई, एवढंच.”

तेव्हापासून चिमणी गोठ्यात बोळाकडं तोंड करूनच उभी राहत होती. दूध आटत चाललं होतं. एकदा कोणाच्या तरी येझदीचा तसाच आवाज आला म्हणून दावं तोडून थेट सीपीआर दवाखान्याच्या चौकापर्यंत गेली होती. जवळ गेल्यावर कळलं असावं, ही ती नव्हे. रस्त्याच्या मधोमध बसली आणि लोकांनी उठवेपर्यंत उठली नव्हती.

“मी जाळी बसवून घेतो,” मी घाईनं म्हणालो. “उद्याच. आणि या बाजूला येतही नाही.”

“तुमी एक न्हाई आलासा. गावात येझद्या काय कमी हाईत?” आप्पांनी मान हलवली. “आन आता तर पाडवा आला. गल्लीत समद्यांच्या गाड्या वाजतील. दावी तोडंल, साखळी तोडंल. न्हाई, हिला हितनं काढायची. केर्लीच्या पुढं आक्काच्या भावाचा मळा हाय. रस्त्यापास्नं आत. तिथं सोडायची.”

“न्हाई,” गोठ्याच्या दारातून आक्का म्हणाल्या.

त्या किती वेळ तिथं उभ्या होत्या कोण जाणे. आवाज चढलेला नव्हता. “चिमणी हितनं जायची न्हाई. त्यो गेल्यावर त्याचे कपडे काढलासा, गाडी काढलासा, म्या काय म्हटलं? कायसुद्धा म्हटलं न्हाई. ही एक त्याची वाट बगती हाय माझ्यासंगट. ती बी काढणार?”

कोल्हापुरात बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, पुरुषांसारखं. एरवी मला त्याचं हसू यायचं. आक्का पुढं म्हणाल्या, “तुमी दोगं बोलताय आन म्या ऐकतो, तसं न्हाई चालायचं.” तेव्हा मला हसू आलं नाही.

आप्पा म्हणाले, “आज तिकटीला एका बाईच्या कडंवरचं पोर पडलं. कोपरावर निभावलं. उद्या तिच्या पायाखाली आलं, तर त्या आईला काय सांगू? म्हस आमच्या बसूची वाट बगत हुती म्हणून?”

आक्का दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. गोठ्यात चिमणी दावं ताणून ओट्यापुढच्या गाडीकडं बघत होती.

“कवा?” त्यांनी विचारलं.

“पाडव्याच्या आत.”

“जाईल कशी? टेंपूत चढायची न्हाई ती.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. आक्कांनीही बघितलं. मला कोणी काही विचारलं नाही, पण मी म्हणालो, “मी येतो रविवारी.”

“म्या बी जाणार सोडायला,” आक्का म्हणाल्या. आप्पा नको म्हणायला गेले, तर त्या उठून आत गेल्या.

रविवारी सकाळी मी गाडी घेऊन गेलो तर चिमणीला धुऊन, तेल लावून उभं केलेलं होतं. आक्कांनी तिच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा चारला. मोरपिसं बांधली नव्हती. आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, “तिथं माझा मेव्हणा इराप्पा असंल. त्यो दावं बांधंल. तिला पेंड घातली, तिचं तोंड टोपल्यात गेलं, की तुमी गाडी ढकलत न्या. चालू करू नगा. ओढा पार झाला की मग करा. तिला कळू द्यायचं न्हाई.”

“आणि नंतर? शोधायला लागली तर?”

“शोधंल. काय दिवस शोधंल. मग इसरंल. आपल्या म्होरं तडफड नगं.” त्यांनी चिमणीच्या पाठीवरून शेपटीपर्यंत एकदा हात फिरवला आणि घरात गेले. आम्ही निघालो तेव्हा बाहेर आले नाहीत.

आक्का मागच्या सीटवर बसायला तयार झाल्या, पण बसायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी पायदान दाखवलं. त्यांनी एक हात कॅरियरला धरला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला आणि तो लगेच काढून घेतला.

“धरा, आक्का. पडाल.”

“पैल्यांदाच बसतोय ह्या गाडीवर,” त्या म्हणाल्या. “लई म्हणायचा. आई, बस, तुला जोतिबाला न्हेतो. म्या म्हणायचो, जा बाबा, पाडशील कुठं तरी. गल्ली हसंल.”

मग त्यांनी हात परत माझ्या खांद्यावर ठेवला.

शिवाजी पूल ओलांडला आणि गर्दी मागं पडली. दोन्हीकडं ऊस. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जात होतो आणि चिमणी मागून दुडकत येत होती. खरं सांगतो, इतकं आनंदी जनावर मी बघितलं नाही. मधेच ती गाडीच्या बरोबरीला यायची, आक्कांच्या गुडघ्याला नाक लावायची आणि पुन्हा मागं जायची. समोरून ट्रक आला तरी बिचकायची नाही. गाडी पुढं आहे ना, मग झालं, असा तिचा सगळा कारभार. आक्का अर्ध्या वळून तिच्याकडंच बघत बसल्या होत्या. केर्लीच्या फाट्याला जोतिबाचा डोंगर समोर आला तेव्हा त्यांनी माझा खांदा सोडून हात जोडले. मी घाबरून गाडी आणखी हळू केली. पुढं मळ्याची कच्ची वाट लागली.

मळा चांगला होता. चिंच, विहीर, पन्हळी छपराचा गोठा, शेजारी दुसऱ्या दोन म्हशी. इराप्पानं नवी मेख ठोकून ठेवली होती. गाडी मी मेखेशेजारी नेऊन उभी केली तशी चिमणी आपण होऊन तिथं उभी राहिली. इराप्पानं दावं अडकवलं. एक नव्हे, दोन. मी गाडी बंद केली. आक्कांनी पेंडीचं टोपलं तिच्यापुढं सारलं आणि तिच्या दोन शिंगांच्या मधे खाजवत उभ्या राहिल्या. चिमणीनं तोंड टोपल्यात घातलं.

“आता,” इराप्पा पुटपुटला. “आक्का, चल. जास्त वेळ करू नगंस.”

मी स्टँड काढला आणि गाडी ढकलायला लागलो. आक्का मागं येऊन कॅरियरला हात लावून ढकलू लागल्या. वाट जरा चढाची होती. येझदी म्हणजे काही सायकल नव्हे, माझा दम निघत होता. चिंच मागं पडली, विहीर मागं पडली. मागं टोपलं सरकल्याचा आवाज आला. चिमणीनं मान वर केली असणार. मी वळून बघितलं नाही. आपण चोरी करून चाललोय असं वाटत होतं, आणि कोणाची ते कळत नव्हतं.

एकाएकी गाडी जड झाली. आक्कांनी ढकलणं सोडलं होतं.

“थांबा,” त्या म्हणाल्या.

“आक्का, ओढा तो काय, दिसतोच आहे. आणखी थोडं.”

“थांबा म्हणतोय न्हवं.”

मी गाडी पायावर तोलून धरली. आक्का वाटेच्या मधोमध उभ्या होत्या. माझ्याकडं बघून बोलत होत्या, पण मला सांगत होत्या असं वाटत नव्हतं.

“बसूला दवाखान्यात ठेवलावता. शेवटच्या दिवशी सकाळी समदे म्हणाले, आक्का, तू घरला जा. त्याला पेज करून आण. जरा बरं वाटतंय त्याला, खाईल म्हणत्यात. म्या आलो. तांदूळ निवडलं, पेज केली. शेजारणी येऊन बसल्या. एकीनं माझं केस विंचरलं. म्या म्हटलं, आज काय गं, समद्या कशा काय रिकाम्या? कोण काय बोलंना. पेज निवू नये म्हणून डबा पदरात धरून पळत गेलो मी दवाखान्यात. दारात चपला काढल्या. आत गेलो तर त्याच्यावर चादर.”

ओढ्याकडून वारा येत होता. मी गाडी धरून उभा होतो.

“म्या घरातनं निघायच्या आधीच त्यो गेलावता. आप्पास्नी म्हाईत, शेजारणींस्नी म्हाईत, समद्या गल्लीला म्हाईत. मला त्रास नगं म्हणून कुणी सांगितलं न्हाई. बरं वाटतंय म्हणाले. म्या तिथं असतो तर त्यानं एकदा बघितलं असतं का न्हाई? आई म्हटला असता. अजून सुदीक भाकरी थापताना आवाज आला की वाटतंय, आला. परवा तुमी आलासा तवा बी वाटलं. का? तर मला त्यो जाताना दिसलाच न्हाई. म्या मागं वळलो आन तेवढ्यात समद्यांनी मिळून त्याला न्हेला.”

मागं चिमणी एकदा रेकली, हळूच, विचारल्यासारखी.

“ही बी तशीच बसंल. आज, उद्या, पाडव्याला. म्हणंल, आत्ता हुता, कुठं गेला?” आक्कांनी नाक पुसलं. “तिच्यासंगट असं करायचं न्हाई. फिरवा गाडी. तिच्या म्होरं न्या आन चालू करा. तिला ऐकू यिऊ द्या. रडंल तर रडू द्या.”

“दावं तोडलं तर?”

“इराप्पा दोन दावी उगाच घालील का?”

आम्ही गाडी परत ढकलत नेली. इराप्पा कपाळाला हात लावून बघत राहिला. चिमणीनं आम्हाला बघून पुढचा पाय उचलला, टोपलं लवंडलं. आक्कांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तिच्या कपाळाला कपाळ लावलं. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मग येऊन सीटवर बसल्या.

मी किक मारली. गाडी पहिल्याच किकला चालू झाली, नेमकी त्या दिवशी. चिमणीचे दोन्ही कान ताठ झाले. ती निघायला तयार झाली, अगदी अंग सरसावून. मी गिअर टाकला आणि आम्ही तिच्या समोरून निघालो.

आधी ती नुसती दोन पावलं चालली. मग दावी ताणली गेली. तिला कळेना. तिनं मेखेकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि हिसका दिला. पुन्हा दिला. मग ती रेकायला लागली. म्हशीचं रेकणं मी त्याआधी कितीतरी वेळा ऐकलं असेल, पण ते असं नव्हतं. मी ही गोष्ट सांगायला बसलो आहे खरा, पण तो आवाज मला सांगता यायचा नाही. माझ्या डोळ्यांसमोर वाट धूसर झाली आणि चिंचेपाशी आपोआप माझा हात सैल पडला.

“हळू करू नगा,” आक्का मागून म्हणाल्या. “बसू हळू कवा जायचा न्हाई.”

मी अॅक्सिलरेटर पिळला. जाळी नसलेली ती येझदी सगळ्या शिवारात घुमली. विहीर गेली, ओढा गेला. मागून रेकणं येत होतं, मग इंजिनाच्या आवाजाखाली ते अधूनमधून येऊ लागलं. आक्का मान वळवून बसल्या होत्या, त्यांचा हात माझ्या खांद्यात रुतला होता. आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. उसाआड मळा दिसेनासा झाला. तरी त्या तशाच वळून बसलेल्या.

फाट्याशी आल्यावर त्यांनी विचारलं, “आता तिला गाडी ऐकू येत असंल का हो?”

मी गाडी न थांबवता कान दिला. आमच्याच आवाजाखेरीज काही नव्हतं.

“नाही, आक्का. आता नाही येणार.”

त्या सरळ झाल्या आणि पदर डोक्यावरून घेतला.

“मग गेला आता,” त्या म्हणाल्या.